मेळघाटची वर्गणी

मुंजींतील भिक्षावळ ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस मागण्यांतही एक सुख असतें हें सांगावयास नको. आठ वर्षांचा बटु, कमरेस लंगोटी, हातांत दंड, खांद्यावर झोळी. मावशा, आत्या, माम्या ओळीनें उभ्या राहून तींत लाडू, पेढे, रुपये घालीत असतात आणि तो मोठ्या ऐटीनें एकीपुढून दुसरीपुढें सरकत असतो. त्या दिवसानंतर मात्र पांढरपेशा घरांतील मनुष्य जन्मांत पुन्हा हात पसरीत नाहीं. कर्ज काढील, हप्ते फेडील. पण मागणार नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीचें असें नव्हतें. ते पुण्यास शिकले ते वार लावून. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, आणि ज्या वारास घर मिळालें नाहीं त्या वारीं मधुकरी. आपलें शिक्षण दुसऱ्यांच्या अन्नावर झालें, हें ते मोठेपणींही निःसंकोचपणें सांगत. आम्हां नातवंडांस मात्र गणपतीची वर्गणी मागण्यासाठीं शेजारचा जिना चढतांनाही पाय जड होतात.

या गोष्टी मनांत येण्याचें कारण असें कीं, २०२४ च्या उन्हाळ्यांत आम्हांवर साठ हजार रुपये वर्गणी जमविण्याची पाळी आली.

आम्ही म्हणजे आम्ही उभयतां, बी. एस्सी. च्या शेवटच्या वर्षांत असलेली आमची कन्या, आठवींतील चिरंजीव, आणि घरांतील वडील माणूस म्हणजे आजी. पावसाळ्यांत मेळघाटांत दहा दहा दिवसांच्या स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठविणारी एक संस्था आमच्या माहितींतील आहे. तींतील एका तुकडींत आपण जावें असें कन्येच्या मनानें घेतलें. तिला एकटीला पाठवावें कीं नाहीं, याचा खल चालला असतां, आपण सर्वांनींच कां जाऊं नये, असा प्रश्न निघाला आणि त्याला कोणासही नकारार्थी उत्तर देतां येईना. अठरा वर्षांखालील कोणास न्यावयाचें नाहीं, असा संस्थेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. तेव्हां चिरंजीवांनीं आजींजवळ राहावें व वर्गणीचा जमाखर्च लिहावा असें ठरलें. ही नेमणूक त्यांस प्रथम अपमानास्पद वाटली. पुढें त्यांनीं त्या वहीवर अशी कांहीं हुकमत गाजविली कीं, पावतीवांचून दहा रुपयेही त्यांच्या हातून सुटत ना.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील धारणी व चिखलदरा हे दोन तालुके. सातपुड्याच्या डोंगरांतील तीनशेंहून अधिक लहानमोठीं गांवें. वस्ती मुख्यतः कोरकू लोकांची. १९७४ सालीं तेथें व्याघ्रप्रकल्प झाला, हें सहलीस जाणाऱ्या मंडळींस ठाऊक असतें. १९९३ सालीं तेथील बालमृत्यूंच्या बातम्यांनीं सारा महाराष्ट्र अस्वस्थ झाला होता, याची आठवण मात्र आतां पुष्कळांस उरलेली नाहीं. त्यानंतर न्यायालयांत अर्ज झाले, सरकारी योजना आल्या, डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासारखीं माणसें तर बैरागडासारख्या आडगांवीं आयुष्य घालवून राहिलीं. मृत्यूंचें प्रमाण पूर्वीपेक्षां कमी झालें, पण थांबलें नाहीं. आणि जें उरलें आहे त्याचा मोठा भाग पावसाळ्याच्या महिन्यांत पडतो. कारण उघड आहे. मागील सालचें धान्य आषाढापर्यंत संपत आलेलें असतें. नवें पीक शेतांत उभें असतें, पोटांत नव्हे. आई पहाटेपासून निंदणीस गेलेली, तान्हें मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ओढ्यांस पूर, सडका खचलेल्या, पिण्याचें पाणी गढूळ. रोग म्हणावे तर फार मोठे नाहींत. जुलाब, न्युमोनिया, हिंवताप. पण ज्याच्या अंगांत आधींच कांहीं नाहीं, त्याला यांतील कोणताही एक पुरतो.

“सरकार एवढें करतें, मग तुमची वर्गणी कशास?” हा प्रश्न आम्हांस निदान वीस घरीं विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. अंगणवाडी आहे, आशा कार्यकर्त्या आहेत, २०१५ पासून गरोदर व बाळंतीण स्त्रियांस एक वेळचें जेवण देणारी अमृत आहार योजना आहे, धारणीस रुग्णालय आहे. औषध आहे आणि आजारी मूलही आहे; या दोहोंमध्यें जो पुराचा ओढा आहे, तो ओलांडून रोज घरोघर जाणारें माणूस मात्र पुरेसें नाहीं. म्हणून संस्थेच्या मागणींत सर्वांत मोठी रक्कम होती ती गांवांतीलच दोन कोरकू तरुणींच्या मानधनाची. दरमहा सहा हजार, चार महिने, दोघींचे मिळून अठ्ठेचाळीस हजार. उरलेल्या बारा हजारांत उष्णतामापक, दंडाचा घेर मोजण्याच्या फिती, क्षारसंजीवनीच्या पुड्या, विजेऱ्या आणि त्या दोघींचे पावसाळी कोट.

आमचा तिघांचा जाण्यायेण्याचा खर्च साडेचार हजारांच्या घरांत जाणार होता. तो वर्गणींतून घ्यावयाचा नाहीं, हें आम्हीं पहिल्याच दिवशीं वहीच्या पहिल्या पानावर लिहवून घेतलें. परंतु तेवढ्यानें प्रश्न मिटला नाहीं. आमचे चुलते अण्णा बँकेंतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत; आंकड्यांपुढें ते कोणाची भीड ठेवीत नाहींत. त्यांनीं वही हातीं घेतली, चष्मा कपाळावर चढविला आणि विचारलें, “तुम्हां तिघांपैकीं डॉक्टर कोण आहे?”

“कोणी नाहीं.”

“कोरकू भाषा कोणास येते?”

“कोणासही नाहीं.”

“मग तुमचे साडेचार हजार तिकडे पाठवा, आणि घरीं स्वस्थ बसा. एका मुलीचें वीस-बावीस दिवसांचें मानधन त्यांत निघेल. तुम्ही जाऊन जें दहा दिवसांत कराल, त्याहून तें जास्त होईल.”

हा हिशेब बिनचूक होता आणि आजही आम्हांस तो बिनचूकच वाटतो. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, अण्णा, साडेचार हजार आम्ही पाठवूं, पण साठ हजार कोण पाठवील? आम्ही जात आहोंत म्हणून लोक दार उघडतात. नुसतें पत्रक पाठविलें तर तें रद्दींत जातें. अण्णांनीं यावर कांहीं उत्तर दिलें नाहीं. पांच हजारांचा धनादेश मात्र लिहिला, आणि तो थेट संस्थेच्या नांवें, म्हणजे आमच्या प्रवासाशीं त्याचा कांहीं संबंध राहूं नये.

धनादेश, रोकड, मोबाइल, जें येईल तें थेट संस्थेच्या खात्यांत भरावयाचें आणि पावती संस्थेचीच द्यावयाची, असा आमचाही परिपाठ होता. हल्लीं देणें फार सोपें झालें आहे. चौकटीचें चिन्ह दाखविलें, त्यावर मोबाइल धरला, काम झालें; देणाऱ्यानें मान वर करण्याचीही गरज नाहीं. हें चिन्ह कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर टाकून आम्हांसही घरीं बसतां आलें असतें. पहिल्या आठवड्यांत तसें करून पाहिलें, तेव्हां हात जोडल्याचीं सतरा चित्रें आलीं, आणि दोन वर्गण्या. मग मात्र आम्ही पावतीपुस्तक घेऊन जिने चढूं लागलों. संध्याकाळीं सात ते साडेआठ ही वेळ ठरविली होती. प्रत्येक घरीं बसावें लागे, कोकम सरबत घ्यावें लागे, कोणाच्या गुडघ्याची हकीकत ऐकावी लागे. आणि मग आपला विषय निघे. चिरंजीव प्रारंभीं दाराबाहेरच उभे राहत. मागण्याची लाज वाटते, म्हणत. त्यांस आजींनीं एके रात्रीं महर्षि कर्व्यांची गोष्ट सांगितली. अनाथ बालिकाश्रमासाठीं त्यांनीं आयुष्यभर वर्गणी मागितली, हें शाळेच्या पुस्तकांत होतेंच. पण १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, ज्या खेड्यांत शाळाच नाहीं तेथें ती काढावी म्हणून त्यांनीं नवें मंडळ स्थापिलें आणि त्यासाठीं पुन्हा वर्गणी मागावयास आरंभ केला, हें त्यांस ठाऊक नव्हतें. गोव्यांत तर १९०८ सालीं घरोघरच्या मूठ मूठ तांदळावर मराठी शिक्षणासाठीं मुष्टिफंड उभा राहिला. या गोष्टींचा परिणाम किती झाला व आजींच्या धाकाचा किती, हें सांगतां येत नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं चिरंजीव दाराच्या आंत आले.

देणाऱ्यांचे स्वभाव या निमित्तानें जेवढे पाहावयास मिळाले तेवढे वीस वर्षांच्या शेजारांत मिळाले नव्हते. मानधन हा शब्द उच्चारला कीं पुष्कळांचा चेहरा उतरे. “पगारासाठीं नको हो, मुलांसाठीं कांहीं असेल तर सांगा. बिस्किटें देऊं, ब्लँकेटें देऊं.” बिस्किटाचा पुडा मुलाच्या हातांत दिसतो, मानधन कोठें दिसत नाहीं, तें अगदीं स्वाभाविक आहे. पण बिस्किटें संपतात, आम्ही परत येतों, आणि त्यानंतर मध्यरात्रीं ज्या दारावर थाप पडते तें दार त्या मुलीचें असतें. हें समजावून सांगतां सांगतां आमचा घसा बसला. जुन्या कपड्यांचा तर ढीग झाला. त्यांत जरीचें फाटलेलें परकर-पोलकें होतें, बंद तुटलेलीं दप्तरें होतीं, आणि एका पिशवींत मुदत संपलेल्या औषधांच्या बाटल्या. संस्थेनें कपडे व औषधें अजिबात आणूं नका असें बजावलें होतें. तीं परत नेऊन देण्याचें काम कन्येकडे आलें. घेण्यापेक्षां परत करणें किती अवघड असतें, याचा तिला चांगलाच अनुभव आला.

आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाईंनीं एके दिवशीं पदराच्या गांठींतून एकशें एक रुपये काढून ओट्यावर ठेवले. आम्हीं नको म्हटलें. त्या म्हणाल्या, “वहिनी, सगळ्यांचं घेता, मग माझंच का नाही?” चिरंजीवांनीं मुकाट्यानें पावती फाडली व वहींत त्यांचें पूर्ण नांव लिहिलें.

मुंबईच्या एका दूरच्या आप्तांनीं पंचवीस हजार देऊं केले. एवढी रक्कम दुसऱ्या कोणाकडून येण्याचा संभव नव्हता. त्यांची अट एकच होती. त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नांवाचा फलक हातीं देऊन तेथील मुलांचीं छायाचित्रें काढावीं. एक आम्ही पोहोंचल्यावर व एक निघतेवेळीं, म्हणजे फरक दिसेल. हे गृहस्थ दुष्ट नव्हेत. वडिलांवर त्यांचें अलोट प्रेम होतें आणि तें कोठें तरी लिहून ठेवावें अशी त्यांची इच्छा होती. देवळाच्या पायऱ्यांवर लोक नांवें कोरवितात त्यांतलाच हा प्रकार. परंतु पायरीवर नांव कोरलें तर पायरीला कांहीं वाटत नाहीं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरलेलें मूल, त्याची आई शेजारीं उभी, आणि त्याच्या हातांत दुसऱ्या कोणाच्या वडिलांचें नांव. हें चित्र आम्हांस डोळ्यांपुढें आणवेना. घरांत दोन दिवस वाद झाला. पंचवीस हजार म्हणजे एका मुलीचें चार महिन्यांचें मानधन. चित्रांच्या संकोचापायीं तें घालवावें काय, असाही पक्ष होता, आणि तो कांहीं अगदींच लटका नव्हता. शेवटीं कन्येनें पत्र लिहिलें: फलक व चित्रें शक्य नाहींत, संस्थेच्या पावतीवर वडिलांचें नांव अवश्य घालतां येईल. उत्तर आलें नाहीं.

जून उजाडला तेव्हां वहींत अडतीस हजार नऊशें एकावन्न होते. सोसायटींतील व ओळखीच्या सत्तावीस घरांचे चौदा हजार साडेतीनशें, नातेवाइकांचे साडेएकोणीस हजार, अण्णांचे पांच हजार व पोळ्यांच्या बाईंचे एकशें एक. एकवीस हजारांहून अधिक कमी पडत होते.

त्याच महिन्यांत आजींचें सहस्रचंद्रदर्शन होतें. अशा कार्याच्या पत्रिकेंत ‘कृपया आहेर आणूं नये’ असें छापण्याचा प्रघात आहे, व तरीही लोक पाकिटें आणतात, हेंही सर्वांस ठाऊक आहे. आजी म्हणाल्या, आपण तसें छापूं नये. ‘आहेर रोख आणावा, तो मेळघाटांतील मुलांकडे जाईल’ असें छापावें. शिवाय गुळाची तुला करावयाची होती, त्याऐवजीं गूळ-शेंगदाण्यांची करून तीही तिकडेच पाठवावी. संस्थेनें कळविलें कीं, एवढें ओझें इकडून नेऊं नका, लागेल तें धारणीच्या बाजारांत मिळतें. तेव्हां आजींनीं तुलेचेही पैसेच देऊं केले.

मुलांच्या आत्यांस ही गोष्ट मुळींच रुचली नाहीं. “आईच्या मंगलकार्यांत वर्गणीची पेटी मांडणार? लोक काय म्हणतील? आईला दोन पातळें, एक चांदीचा तांब्या, एवढंही तिच्या हातांत पडूं नये?” त्यांच्या बोलण्यांत रागापेक्षां दुःख अधिक होतें, आणि तें खरें होतें. आईनें जन्मभर सर्वांचें केलें, एक दिवस तरी नुसता तिचा असावा, असें लेकीला वाटलें तर त्यांत वावगें काय? आजींनीं त्यांस समजावण्याचा प्रयत्न केला नाहीं. “मला हें हवंसं वाटतं,” एवढेंच त्या म्हणाल्या. कार्याच्या दिवशीं आत्या पहाटे आल्या, सगळें त्यांनींच केलें, एक्याऐंशी दिव्यांनीं आईस ओवाळलें, पंगत वाढली, आणि संध्याकाळीं पेटीकडे न पाहतां घरीं गेल्या. आम्हांशीं त्या अजूनही पूर्वीसारख्या बोलत नाहींत. आहेर व तुला मिळून एकवीस हजार सहाशें झाले. एकूण साठ हजार पांचशें एकावन्न.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही निघालों. रात्रीच्या गाडीनें अमरावती, तेथून परतवाडा, मग घांट चढून सेमाडोह, हरिसाल, आणि पुढें अखंड पाऊस. गांवाचें नांव येथें देत नाहीं. संस्थेनें एका दिवसांत आम्हांस जें शिकविलें तें थोडें पण नेमकें होतें. दंडास फीत लावावी. साडेबारांहून कमी तर लक्ष ठेवावें, साडेअकरांहून कमी तर तें मूल तीव्र कुपोषित समजावें. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे; दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे साठ, वर्षाच्या आंतील पन्नास, त्यापुढें पांच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक भरले तर न्युमोनियाचा संशय घ्यावा. छाती आंत ओढली जात असेल तर रुग्णालय. क्षारसंजीवनीची पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. बस्स. एवढ्या विद्येवर आम्ही घरोघर हिंडूं लागलों. कोरकू ही मुंडा कुळांतील भाषा. मराठीशीं तिचें कांहींच नातें नाहीं. बायकांशीं आमचें बोलणें मोडक्या हिंदींत व बहुतेक खुणांनीं चाले. ज्या दोघींच्या मानधनासाठीं आम्हीं जिने चढलों होतों, त्यांपैकीं एक आमच्याबरोबर असे. वय एकवीस, दहावी झालेली, फार कमी बोलणारी. तिच्या मागून चिखलांत चालतांना आमची कन्या दिवसांतून तीनदां घसरे व ती एकदांही हंसत नसे.

सहाव्या दिवशीं संध्याकाळीं एका झोपडींत सात महिन्यांचा मुलगा आढळला. कन्येनें श्वास मोजले. चौसष्ट. पुन्हा मोजले, तितकेच. फासळ्यांखालीं खळगा पडत होता. धारणीस न्यावयास हवें, हें उघड होतें. आई नाहीं म्हणाली. नवरा बाहेरगांवीं कामास गेलेला, घरांत आणखी दोन मुलें, निंदणीची मजुरी बुडणार, आणि रुग्णालयाचें भय. भुमक्यानें दोरा बांधला होता, तो पुरे होईल असें तिचें म्हणणें पडलें. आम्हीं विनविलें, पैसे देऊं म्हटलें, कन्येच्या डोळ्यांत पाणी आलें. यांतल्या कशाचाही उपयोग झाला नाहीं. ती एकवीस वर्षांची मुलगी चुलीपाशीं बसली आणि कोरकूंत हळू आवाजांत बोलूं लागली. तास झाला असेल. मधून ती नुसती गप्प बसे. मग उठून भुमक्याला बोलावून आली. त्यानेंही कांहीं सांगितलें. शेवटीं तिनें ती दोन मुलें उचलून आपल्या घरीं नेलीं, तेव्हां आई उठली. ओढ्याचें पाणी उतरण्यास रात्रीचे दहा वाजले. सडकेपर्यंत दीड तास चालावें लागलें. तेथें रुग्णवाहिका आली होती. आम्हीं विजेऱ्या धरल्या व बाळावर छत्री धरली.

परत आल्यावर ही हकीकत अण्णांस सांगितली. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें व म्हणाले, “म्हणजे काम तिनेंच केलं. मी तरी दुसरं काय म्हणत होतों?”

तें खरेंच होतें. श्वास मोजावयास ती मुलगीही शिकलेली होती; कन्या नसती तरी तिनें ते मोजले असते. आम्हीं तिच्या चार महिन्यांची सोय केली, आणि दहा दिवस तिच्या मागून चाललों. आमच्या जाण्याचा यापेक्षां अधिक अर्थ लावण्याचा आम्ही प्रयत्न करीत नाहीं. मात्र सोसायटींत ज्यांनीं दिले त्या सत्तावीस घरीं जाऊन आम्हीं हिशेब दाखविला, आणि त्या वेळीं मानधन या शब्दावर कोणाचाही चेहरा उतरला नाहीं, ही गोष्ट वहींत लिहिण्यासारखी आहे.

२०२५ सालीं कन्या एकटी गेली. आम्हां दोघांच्या भाड्याचे तीन हजार वर्गणींत भरले. अण्णांनीं ती नोंद दोनदां वाचली. जाण्यापूर्वीं संस्थेमार्फत त्या मुलीचें पत्र आलें होतें, हिंदींत, वहीच्या कागदावर. मुलगा आतां चालतो. दंड अजून बारांच्या खालींच आहे. त्याची आई तिसऱ्या बाळंतपणानंतर फार थकली होती, आतां बरी आहे. पावसाळी कोट बोरींच्या कांट्यांत फाटले, तेव्हां या वेळीं जाड कापडाचे दोन पाठवावे, आणि शक्य तर एक लहान मापाचा. तिची धाकटी बहीण आतां तिच्याबरोबर हिंडते.